तलावाकाठची सोपी राइड: चढाच्या आधी वारा बघा

प्रश्न असा आहे: रोड बाइक घेऊन चार-सहा महिने झाले, ओळखीच्या रस्त्यावर तास-दीड तास आरामात चालवता येते. आता एखाद्या मोठ्या तलावाच्या काठानं ३०-४० किलोमीटरची सोपी राइड करायची आहे. रस्ता निवडताना काय बघायचं? तलावाला पूर्ण फेरी मारावी की गेल्या वाटेनं परत यावं? आणि पाण्याच्या कडेचा रस्ता म्हणजे सपाटच असणार ना?

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. पाणी सपाट असतं, पण त्याच्या कडेचा रस्ता तसा असेलच असं नाही. आणि रस्ता खरोखर सपाट मिळाला तरी राइड सोपी होईल याची खात्री नाही. तलावाकाठी दमवणारी मुख्य गोष्ट वारा आहे, आणि अडकवणारी गोष्ट म्हणजे मध्ये असलेलं पाणी: अर्ध्या फेरीवर पाय थकले तर घराकडे जाणारा जवळचा रस्ता नसतो. म्हणून माझ्या लेखी सोपा रस्ता तो, जिथून कुठल्याही क्षणी मागे फिरता येतं आणि मागे फिरल्यावर वारा पाठीला असतो. चढ-उतार त्यानंतर.

तरी चढाचं आधी उरकून घेऊ, कारण ते घरबसल्या नकाशावर कळतं.

तलाव कसा तयार झाला यावर काठचा रस्ता कसा असेल हे बरंच ठरतं. धरणामागचा जलाशय म्हणजे बुडालेली नदीची दरी. प्रत्येक ओढ्याच्या घळीत पाणी आत शिरलेलं असतं, त्यामुळे काठ हाताच्या बोटांसारखा फाटे फुटलेला दिसतो. रस्ता एकतर प्रत्येक बोटाला वळसा घालतो किंवा दोन बोटांमधला डोंगराची सोंड चढून उतरतो. शिवाय जलाशयाची पातळी वर्षभर खालीवर होत असल्यानं रस्ता पूर्ण भरलेल्या पातळीच्याही बराच वर बांधलेला असतो. हिमनद्यांनी कोरलेल्या लांबट सरोवरांचे लांब काठ बहुधा उभ्या कड्याचे असतात, पण दोन्ही टोकांना, विशेषतः जिथे नदी येऊन मिळते तिथे, गाळाची सपाट जमीन असते. उथळ, पसरट तलाव मैदानात असतात आणि तिथे चढाचा विचारच करायला नको. तिथला शत्रू एकच, त्याच्याकडे येतोच आहे.

नकाशा बघताना एक साधी खूण पुरते. रस्ता पाण्याला चिकटून जातोय का, की मध्येच पाणी सोडून आत वळतो आणि दोन-तीन किलोमीटरनं पुन्हा काठाला येतो? जिथे तो आत वळतो तिथे भूशिर ओलांडणं आलं, म्हणजे चढ आला. प्रत्येक ओढ्याच्या मुखाशी रस्ता खाली उतरतो आणि पलीकडे वर येतो, हे चढ एकेकटे किरकोळ असतात पण बेरीज वाढत जाते. माझा अंदाजाचा हिशोब असा: एकूण चढाई किलोमीटरमागे ५ मीटरच्या आत असेल तर पायांना रस्ता सपाट वाटतो, १० मीटरच्या आसपास लाटालाटांचा वाटतो, १५च्या पुढे गेला की त्याला डोंगरी म्हणा आणि सोप्या राइडच्या यादीतून काढा. ३० किलोमीटरसाठी १५० मीटर हा आकडा लक्षात ठेवला की झालं.

पण ॲपनं दाखवलेल्या चढाईवर तलावाकाठी डोळे झाकून विश्वास ठेवू नका. अनेक नकाशांमधली उंची फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीतून आलेली असते आणि तिच्यात साधारण ३० मीटरच्या एकेका चौकोनाला एकच उंची असते. कड्याला खेटून गेलेल्या काठच्या रस्त्याचा चौकोन कड्यावर पडला की ॲपला वाटतं तुम्ही कडा चढलात. बोगद्यावर तर ते आख्खा डोंगर चढवून उतरवतं, आणि पुलावर दरीत उतरवतं. ॲपमधल्या चढाईच्या आलेखात एखादा सुळका शंभर-दीडशे मीटरच्या अंतरात उभा चढून लगेच उतरताना दिसला तर तो बहुधा खोटा असतो. खरा चढ आलेखात रुंद दिसतो.

काठानं जाणारा जुना रेल्वेमार्ग सायकलमार्ग झालेला असेल तर तो डोळे मिटून निवडा. रेल्वेला तीव्र चढ चढता येत नाही, त्यामुळे असा मार्ग एक-दोन टक्क्यांच्या वर क्वचितच जातो. फ्रान्समधल्या आनेसी सरोवराच्या पश्चिम काठावर असा मार्ग आहे, वाटेत जुना रेल्वे बोगदाही लागतो. पूर्वेकडचा काठ त्या मानानं चढ-उताराचा. साधारण ४० किलोमीटरच्या या फेरीत एकाच सरोवराचे दोन काठ दोन वेगळ्या स्वभावांचे आहेत, आणि हे बहुतेक तलावांबद्दल खरं असतं. "अमुक तलावाची फेरी सोपी आहे" असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठला काठ?

उलट बाजूचं उदाहरण इटलीतलं गार्दा सरोवर. त्याच्या पश्चिमेच्या कड्यातून कोरलेल्या मोटाररस्त्यावर एकामागून एक बोगदे लागतात. अरुंद रस्ता, अंधार, आणि उजेडातून आत आल्यावर काही क्षण काही न दिसणारे वाहनचालक. चढ नसला तरी नवशिक्यानं असा रस्ता धरू नये. रस्त्यावर बोगदे किती आणि त्यांना सायकलसाठी बाहेरून वळसा आहे का, हे चढाईच्या आकड्याइतकंच तपासा.

आता वारा.

दिवसा ऊन पडलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. जमिनीवरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला तलावावरची गार हवा काठाकडे येते. हा वारा सूर्योदयानंतर काही तासांनी सुरू होतो, दुपारनंतर सर्वांत जोरात असतो आणि सूर्य उतरला की मंदावतो. रात्री उलट, जमिनीकडून पाण्याकडे, पण बराच हलका. आभाळ मोकळं असेल आणि एरवीचा वारा पडलेला असेल तेव्हा हा खेळ स्पष्ट दिसतो. लहान तळ्यावर तो जेमतेम जाणवतो. डोंगरांच्या मधल्या लांबट सरोवरावर मात्र दरीचा वारा त्यात मिसळतो आणि सगळी हवा सरोवराच्या लांबीनं वाहू लागते. गार्दावरच्या नाविकांनी या वाऱ्यांना नावंच दिली आहेत: पहाटेपासून सकाळपर्यंत उत्तरेकडून येणारा पेलेर, आणि दुपारी दक्षिणेकडून येणारा ओरा. दुपारच्या ओऱ्यात उत्तरेकडून दक्षिणेकडे सायकल चालवायची म्हणजे सपाट रस्त्यावर घाट चढणं.

हे म्हणणं अतिशयोक्तीचं नाही, हिशोब करून बघा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि इथे वेग म्हणजे तुमच्या अंगावर आदळणाऱ्या हवेचा. ताशी २० किलोमीटरनं जाताना समोरून ताशी १५चा वारा आला तर हवा ३५नं आदळते. विरोध तिप्पट. तोच वारा पाठीला असेल तर हवा फक्त ५नं लागते आणि विरोध सोळाव्या हिश्श्यावर येतो. सपाटीवर ताशी २०च्या पुढे तुमची निम्म्याहून जास्त ताकद हवा बाजूला सारण्यातच जाते, म्हणून तिप्पट विरोध हा किरकोळ फरक नाही.

दुसरा गैरसमज असा की जाताना जे गमावलं ते येताना मिळतं आणि शेवटी फिट्टंफाट होते. होत नाही. समजा १५ किलोमीटर जायचं आणि १५ यायचं. वारा नसताना ताशी २०नं दीड तास लागतो. वाऱ्यात जाताना १४चा वेग पडला आणि येताना २७चा मिळाला, तर जायला ६४ मिनिटं, यायला ३३. एकूण ९७. सात मिनिटं जास्त हे फार नाही, पण त्या ९७ मिनिटांतला दोन-तृतीयांश वेळ तुम्ही वाऱ्याशी झुंजण्यात घालवला. अनुकूल वारा लवकर संपतो कारण त्यात तुम्ही वेगानं जाता.

म्हणूनच समोरचा वारा आधी. पाय ताजे असताना तो सोसतो, आणि कधीही कंटाळा आला तर वळलं की सुटका. याच्या उलट चूक नवख्यांकडून हमखास होते, कारण पाठीचा वारा कळतच नाही. ताशी पाच-सात किलोमीटर वेग जास्त दिसतो, कानाला काही ऐकू येत नाही, आणि माणसाला वाटतं आज पाय छान चाललेत. सपाट रस्त्यावर अचानक फॉर्म सुधारल्यासारखा वाटला तर थांबा, मागे तोंड करून उभे राहा आणि वारा कुठून येतोय ते बघा. पाठीचा वारा घेऊनच निघावं लागलं तर परत फिरायची वेळ घड्याळावर ठरवा: दोन तासांची राइड असेल तर ४० मिनिटांनी वळा. वरच्याच वेगांनी ४० मिनिटांत १८ किलोमीटर होतात आणि तेच परतताना ७७ मिनिटं घेतात. निम्म्या वेळेला वळलात तर दोन तासांची राइड तीन तासांकडे जाते.

हवामानाच्या अंदाजातला आकडा वाचतानाही एक गोष्ट माहीत असू द्या. तो जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा असतो. झाडं-घरांच्या मुलखात सायकलस्वाराच्या उंचीवर वारा त्याहून बराच कमी लागतो. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला मात्र वाटेत अडवणारं काही नसतं, म्हणून उघड्या काठावर तो आकडा जवळजवळ पुरा भोगावा लागतो. रोजच्या रस्त्यावर "१५चा वारा" तुम्हाला चालत असेल तर तलावावर तोच आकडा वेगळा लागेल.

आणि अंदाज न बघताही चालतं, कारण शेजारी पाणी आहे. पाण्यावर तुरळक पांढरे तुरे दिसू लागले की वाऱ्याचा जोर ठरवणाऱ्या ब्यूफोर्टच्या मोजपट्टीनं वारा ताशी १२ ते १९ किलोमीटरच्या घरात आहे. तुरे जागोजाग दिसू लागले की २०च्या वर गेला. पाण्यावरून सरकत येणारा काळपट पट्टा म्हणजे झोत. तो काठाला पोचायच्या आधी हँडल नीट धरायला वेळ मिळतो. पण तुमच्या पायाशी पाणी आरशासारखं आहे म्हणून वारा नाही असं समजू नका. ज्या काठाकडून वारा येतो त्या काठाजवळ पाणी शांतच असतं, लाटा पलीकडे उठतात. मला हाच शांत काठ आवडतो. तिथे झाडांची रांग असेल तर तिच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत आडोसा मिळतो. दोन काठांमधून निवडायचं असेल तर त्या दिवशी वारा ज्या बाजूनं येतोय तो काठ धरा, मग नकाशावर दुसरा कितीही सुंदर दिसो.

पूर्ण फेरीच्या प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं. फेरीत कुठल्यातरी बाजूला वारा समोर येणारच, दिशा कुठलीही घ्या. मोठ्या तलावावर दुपारचा वारा पाण्याकडून सगळ्याच काठांवर येतो, म्हणजे फेरीभर तो आडवा लागतो. आणि अर्धी फेरी झाली की तुम्ही घरापासून सर्वांत लांब असता. पुढे जा किंवा मागे या, अंतर तेवढंच. गेल्या वाटेनं परत येण्याला लोक कंटाळवाणं म्हणतात, पण उलट दिशेनं तोच काठ वेगळा दिसतो, उजेडाची बाजू बदललेली असते, आणि कुठे खड्डा आहे, कुठे पाण्याचा नळ आहे हे माहीत झालेलं असतं. पहिल्या चार-पाच राइड तरी अशाच करा.

फेरी करायचीच असेल तर मधून तोडता येणारा तलाव शोधा. जपानमधलं बिवा सरोवर याचं चांगलं उदाहरण आहे. पूर्ण फेरी सुमारे २०० किलोमीटरची, पण सरोवराच्या कमरेवर पूल आहे, त्यामुळे फक्त उत्तरेकडचा किंवा फक्त दक्षिणेकडचा भाग फिरता येतो. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड अशा तीन देशांतून जाणारा बोडन सरोवराचा सायकलमार्ग सुमारे २६० किलोमीटरचा आहे, पण तिथे सायकल घेणाऱ्या बोटी आहेत, काठानं रेल्वे आहे, आणि लोक तो तुकड्यातुकड्यानं करतात. बोट किंवा रेल्वे हा परतीचा मार्ग धरायचा असेल तर तिची शेवटची वेळ निघण्याआधी पाहून ठेवा आणि तिच्या आधीच्या बोटीचा किंवा गाडीचा हिशोब धरून चाला.

फेरीची दिशा कुठली? वाहतूक डावीकडून चालत असेल तर घड्याळाच्या उलट दिशेनं, उजवीकडून चालत असेल तर घड्याळाच्या दिशेनं. मग पाणी कायम तुमच्या कडेला राहतं. बिवावर उलट दिशेचा आणि बोडनवर सुलट दिशेचा सल्ला देतात तो याचसाठी. फायदा निव्वळ देखाव्याचा नाही. पाण्याच्या बाजूनं आडरस्ते फारसे येत नाहीत, त्यामुळे अचानक बाहेर येणाऱ्या गाड्या कमी, आणि काठावर थांबायला समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही.

पण याला एक उलटी बाजू आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. पाणी तुमच्या कडेला असेल तर दुपारचा आडवा वारा तुम्हाला रस्त्याच्या मध्याकडे, म्हणजे वाहतुकीत ढकलतो. शांत सकाळी हा मुद्दाच येत नाही. वारा सुटलेला असेल आणि रस्त्यावर मोठी वाहनं असतील तर पाण्याची बाजू सोडून दुसऱ्या दिशेनं जाणं शहाणपणाचं. देखावा रस्त्यापलीकडून दिसेल, बिघडत नाही.

आडव्या वाऱ्यात सायकल सांभाळायची रीत अंगाशी थोडी उलटी जाते. भीती वाटली की हात ताठ होतात, आणि ताठ हातांमुळे प्रत्येक झोत थेट हँडलमध्ये उतरतो. कोपरं सैल ठेवा, हँडल खालच्या वाकलेल्या भागात धरा, अंग खाली घ्या, वेग थोडा कमी करा. धक्का बसतो तो आडोसा संपतो तिथे: झाडांची रांग तुटते, भिंत संपते, पूल सुरू होतो. अशी जागा समोर दिसली की आधीच कडेपासून हातभर आत या, म्हणजे दोन्हीकडे सरकायला जागा राहते. मोठा ट्रक शेजारून जाताना क्षणभर वारा थांबतो आणि तो पुढे गेला की एकदम परत येतो. ट्रकमागे सायकल हेलकावते ती यामुळे. उंच कडांची, म्हणजे ४०-५० मिलिमीटरची चाकं असतील तर अशा दिवशी ती घरी ठेवा, निदान पुढचं चाक तरी साध्या कडेचं लावा. दोघं-तिघं मिळून जात असाल तर एकामागे एक जाऊन पुढच्याचा आडोसा घ्या, मागच्याची मेहनत चांगलीच वाचते. आडव्या वाऱ्यात खरा आडोसा तिरप्या रांगेत मिळतो, पण तशी रांग रस्ता अडवते, म्हणून वाहत्या रस्त्यावर ती शर्यतीपुरतीच असू द्या.

आता सपाटीचा त्रास. हो, सपाटीचाही त्रास असतो. चढ-उताराच्या रस्त्यावर उतारावर पाय थांबतात, चढावर माणूस सीटवरून उठतो, अंगाची ठेवण आपोआप बदलत राहते. सपाट काठावर दीड तास एकाच गिअरमध्ये, एकाच ठिकाणी बसून, न थांबता पायडल मारणं चालू असतं. तक्रारी येतात त्या बुडाच्या, तळहाताच्या आणि मानेच्या. मांड्या शेवटी. उपाय म्हणजे जे रस्ता करून घेत नाही ते आपण मुद्दाम करायचं: दर दहा-पंधरा मिनिटांनी एक-दोन गिअर जड करून वीसेक पायडल उभ्यानं मारा, हातांची जागा बदला, एकदा मान दोन्हीकडे वळवा. स्वीडनमध्ये वेटर्न सरोवराभोवती १९६६पासून मोठी सायकल फेरी होते, आजचं अंतर ३१५ किलोमीटर. तिथे डोंगर मोठे नाहीत, तरी ती सोपी आहे असं ती पूर्ण करणारा कुणी म्हणणार नाही.

वेगाच्या बाबतीत काठावर मन फसतं. अडथळा नाही, समोर लांबलचक रस्ता, मग पाय आपोआप जोर करतात. पहिली वीस मिनिटं पूर्ण वाक्यं बोलता येतील एवढ्याच दमानं चालवा. पायडलची गती मिनिटाला ८० ते ९० फेऱ्यांच्या आसपास ठेवा आणि वारा समोर आला की चढावर करता तेच करा: गिअर हलका करा, गती तीच ठेवा आणि वेगाचा आकडा बघणं बंद करा. सायकलच्या मीटरवर ताशी २० दिसलंच पाहिजे असा हट्ट वाऱ्यात सर्वांत महाग पडतो.

सकाळी लवकर निघा म्हणतो ते वाऱ्याइतकंच गर्दीसाठी. तलावाकाठी सुटीच्या दिवशी सगळं गाव येतं आणि काठचा मार्ग चालणारे, धावणारे, लहान मुलं, कुत्री यांच्यात वाटला जातो. तिथे सायकलस्वार पाहुणा असतो. ताशी १५च्या खाली या, मागून जाताना लांबूनच घंटी वाजवा, अगदी कानाजवळ जाऊन नाही, कारण दचकलेला माणूस नेमका तुमच्या बाजूला सरकतो. कुत्रा एका बाजूला आणि मालक दुसऱ्या बाजूला असेल तर मध्ये साखळी आहे असंच धरा. मार्गाच्या तोंडाशी गाड्या अडवायला लावलेले खांब असतात. पुढच्या सायकलीच्या अगदी मागे असाल तर ते दिसत नाहीत. तुम्हाला ताशी २५नं जायचं असेल तर वाटून घ्यायच्या मार्गावर जाऊच नका, शेजारचा रुंद रस्ता बरा. आणि नजाऱ्याच्या जागी उभ्या केलेल्या गाड्यांपासून दार उघडेल एवढं अंतर ठेवा. तिथे उतरणाऱ्या माणसाचं लक्ष पाण्याकडे असतं.

सकाळच्या वेळेच्याही दोन अडचणी आहेत. थंड सकाळी कोमट पाण्यावर धुकं धरतं, कधी फक्त काठच्या शंभर मीटरच्या पट्ट्यात. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. दुसरी, खाली असलेला सूर्य. तुमची सावली मागे पडत असेल तर मागून येणाऱ्या चालकाच्या डोळ्यांत सूर्य आहे आणि त्याला तुम्ही दिसत नाही. पाण्यावरची चमक त्यात भर घालते. अशा वेळी थोडं थांबणं किंवा दुसऱ्या काठानं जाणं बरं. संध्याकाळी पाण्यावरची चिलटं थव्यानं येतात, म्हणून पारदर्शक काचेचा चष्मा ठेवा आणि तोंड मिटून चालवा.

उन्हाबद्दल एक गैरसमज: पाण्यावरून परावर्तित ऊन भाजतं असं म्हणतात. पाणी अतिनील किरणांचा एक दशांशाहूनही कमी भाग परत फेकतं. तलावाकाठी कातडी भाजते ती डोक्यावरच्या मोकळ्या आभाळामुळे, आणि गार वाऱ्यात भाजल्याचं कळत नाही म्हणून. त्याच वाऱ्यात घामही लगेच वाळतो आणि तहान उशिरा लागते. तासाला अर्धा लिटरच्या आसपास पाणी ठरवून प्या. बाटली तलावातून भरू नका. हिरवट साय धरलेल्या पाण्यात नील-हरित शेवाळाची विषं असू शकतात आणि पाणी उकळूनही ती जात नाहीत. दीड तासाच्या आतल्या राइडला खाण्याची गरज सहसा नसते, त्यापुढे तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील असं काहीतरी खिशात ठेवा.

रस्त्याच्या पृष्ठभागाकडे नजर ठेवा ती मुख्यतः वळणांवर. पावसानंतर ओढ्यांनी आणलेली वाळू आणि बारीक खडी नेमकी ओढ्याच्या पुलाआधी, उताराच्या तळाशी पडलेली असते. सावलीतल्या भागात शेवाळं आणि ओला पाला. लाकडी फळ्यांचा पूल ओला असेल तर त्यावर वळू नका, ब्रेक दाबू नका, सरळ आणि हळू जा. फळ्या लांबीनं लावलेल्या असतील तर त्यांच्या फटीत अरुंद टायर अडकू शकतो, तिथे उतरून चालत गेलेलं बरं. यासाठीच २८ मिलिमीटरचा टायर मला काठच्या रस्त्यांना योग्य वाटतो. सत्तर किलोच्या आसपासच्या माणसाला ट्यूबसह ६५ ते ७५ पीएसआय हवा पुरते, पुढच्या चाकात थोडी कमी. टायरवर लिहिलेली कमाल हवा ही मर्यादा असते, तेवढी भरायची शिफारस नव्हे. जास्तीची ट्यूब, टायर काढायचे दोन लिव्हर, पंप आणि ट्यूब बदलण्याचा घरी एकदा केलेला सराव, एवढं सामान पुरे.

पूर्ण फेरी कधी करावी? एकाच काठानं जाऊन-येऊन फेरीच्या लांबीएवढं अंतर तुम्ही वाऱ्याच्या दिवशी केलं असेल आणि दुसऱ्या दिवशी सायकलवर बसावंसं वाटलं असेल, तर करा. त्याआधी दोन्ही काठ वेगवेगळ्या दिवशी अर्धे अर्धे पाहून ठेवा, म्हणजे फेरीच्या दिवशी अनोळखी रस्ता उरत नाही. सुरुवात अशा जागेवरून करा की समोरच्या वाऱ्याचा लांब काठ पहिल्या अर्ध्यात संपेल. लांबट सरोवरावर सकाळचा आणि दुपारचा वारा उलट दिशांचे असतील, तर निघण्याची वेळ साधून दोन्ही लांब काठ पाठीच्या वाऱ्यात करता येतात: सकाळी एका दिशेनं, टोकाला वारा पालटेपर्यंत विश्रांती, दुपारी दुसऱ्या काठानं परत. अशा तलावावर स्थानिक सायकलस्वार किंवा शिडाच्या होड्या चालवणारे भेटले तर एवढंच विचारा, वारा साधारण किती वाजता फिरतो.